आयन धरणारा रेणू संगणकावर घडवताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

दर वर्षी दिवाळीनंतर एमएस्सी भाग दोनची मुलं प्रोजेक्ट घेऊन माझ्याकडे येतात. विषय नाशिकचाच हवा असतो, म्हणून द्राक्षाच्या देठातलं पोटॅशियम मोजणारा इलेक्ट्रोड निवडलेला असतो, आणि त्या इलेक्ट्रोडसाठी पोटॅशियम धरणारा रेणू संगणकावर घडवायचा असतो. कल्पना चांगली आहे. निफाड-दिंडोरीकडे देठ परीक्षण म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, आणि बागेतच आकडा मिळाला तर कुणाला नको आहे?

पण बहुतेकांच्या पहिल्या तक्त्यात एकच गोष्ट दिसते. १८-क्राउन-६ हा सहा ऑक्सिजनांचा कड्यासारखा रेणू पोटॅशियमपेक्षा सोडियमला जास्त घट्ट धरतो! पुस्तकात नेमकं उलटं छापलेलं. मग मुलं फंक्शनल (ऊर्जेचं सूत्र) बदलतात, बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचं वर्णन करणाऱ्या फलनांचा संच) वाढवतात, आठवडा घालवतात आणि उत्तर तेच येतं. येणारच, कारण त्यांचं गणित बरोबर असतं, फक्त त्यात पाणी मोजायचं राहिलेलं असतं.

खालचा क्रम पोटॅशियमचं उदाहरण धरून लिहिला आहे. तुमचा आयन दुसरा असेल तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

## १. आधी कागद, मग लॅपटॉप

एका पानावर चार ओळी लिहा. कोणता आयन धरायचा? कुणाच्या गर्दीतून उचलायचा? रेणू कुठे बसणार? आणि किती घट्ट धरलेलं चालेल?

पहिली ओळ सगळे लिहितात. दुसरीत बहुतेक जण 'सोडियम' लिहून थांबतात. देठाचा रस काढला तर त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतात, खतातून आलेलं अमोनियमही असू शकतं. विहीर खारवट असेल, ज्या पाण्यापायी डॉगरीज खुंट (खारं पाणी सोसणारं कलमाचं मूळ) लावायची पाळी येते तशी, तर सोडियमही दुर्लक्ष करण्याइतकं थोडं नसतं. सगळ्यांच्या त्रिज्या शेजारी लिहून ठेवा: मॅग्नेशियम ०.७२, कॅल्शियम १.००, सोडियम १.०२, पोटॅशियम १.३८ अँगस्ट्रॉम, आणि अमोनियम साधारण १.४८. शेवटच्या दोन आकड्यांत किती थोडं अंतर आहे ते बघून ठेवा. पुढे तेच नडतं.

तिसरी ओळ सर्वांत जास्त विसरली जाते. इलेक्ट्रोडमधला रेणू पाण्यात पोहत नाही. तो पीव्हीसीच्या पातळ पडद्यात, प्लॅस्टिसायझरमध्ये मुरलेला असतो. नेहमीच्या दोन प्लॅस्टिसायझरपैकी डायऑक्टिल सेबॅकेटचा विद्युत अपार्यता स्थिरांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) ४ च्या आसपास, नायट्रोफिनाइल ऑक्टिल ईथरचा २४ च्या आसपास. पाण्याचा ७८. तीन माध्यमं म्हणजे तीन वेगळी गणितं.

चौथ्या ओळीत मुलं 'जास्तीत जास्त घट्ट' लिहितात. ते खोडा. इलेक्ट्रोडमधल्या रेणूला आयन धरताही आला पाहिजे आणि सोडताही. पाण्यात १८-क्राउन-६ आणि पोटॅशियमच्या बंधाचा स्थिरांक (पकड किती घट्ट त्याचा आकडा) लॉगमध्ये २ च्या आसपास आहे, २.२.२ क्रिप्टँडचा ५.४ च्या आसपास. दुसरा आकडा मोठा आहे म्हणून तो इलेक्ट्रोडसाठी चांगला ठरत नाही. क्रिप्टँडच्या पिंजऱ्यातून आयन बाहेर यायला वेळ लागतो.

तपासणी: खोलीच्या तापमानाला दहा पट निवड म्हणजे ५.७ किलोज्यूल प्रति मोल. तुम्हाला पोटॅशियम सोडियमपेक्षा १०० पट जास्त हवं असेल तर सगळा खेळ ११.४ किलोज्यूलचा आहे. हा आकडा पानाच्या डोक्यावर लाल पेनाने लिहा. तुमच्या पद्धतीतली चूक याहून मोठी असेल तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

## २. साधनं आणि फाइलींची शिस्त

हे लवकर उरकू. रेणू काढायला अ‍ॅव्होगाड्रो. झटपट गणितासाठी एक्सटीबी आणि कन्फॉर्मर (रेणूच्या वेगवेगळ्या घड्या) शोधायला क्रेस्ट, दोन्ही मुक्त. डीएफटीसाठी (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढायची पद्धत) ओर्का, शैक्षणिक वापराला फुकट, नोंदणी करावी लागते. रेणूगतिकीसाठी (अणूंची हालचाल क्षणाक्षणाला मोजायला) ग्रोमॅक्स. स्फटिकांच्या रचनांसाठी केंब्रिजचा संग्रह तुमच्या कॉलेजकडे असेल तर उत्तम. नसेल तर क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस खुला आहे. चार कोअर आणि १६ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर चाळीस-पन्नास अणूंचं काम होतं, फक्त रात्रीचे जॉब लावायची सवय लागते.

फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको, देवनागरी नको. फाइलच्या नावात रेणू, आयन, चार्ज, पद्धत आणि माध्यम एवढं हवंच. 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल सरांनी बघितलेली' अशा तीन फाइली असलेल्या मुलीला मी एकदा विचारलं, कुठली खरी? तिलाही सांगता आलं नाही. दोन दिवस परत जॉब लावले.

लाईट गेली आणि बॅटरीही संपली तर घाबरू नका. ओर्का प्रत्येक पायरीनंतर ताजी रचना वेगळ्या फाइलीत लिहीत जातं. तिथून पुन्हा सुरू करा, पहिल्यापासून नको.

## ३. मोजपट्टी आधी तपासा

नवा रेणू घडवण्याआधी ज्याचं उत्तर माहीत आहे असा रेणू मोजा. आपल्यासाठी तो १८-क्राउन-६. पाण्यात त्याचे लॉग स्थिरांक पोटॅशियमसाठी २.०३ आणि सोडियमसाठी ०.८०. फरक १.२३, म्हणजे ५.७ ने गुणून ७ किलोज्यूल. तुमच्या पद्धतीने पोटॅशियमच्या बाजूने ७ च्या जवळपास उत्तर द्यायला हवं. हे जमेपर्यंत नव्या रेणूला हात लावायचा नाही.

आणि इथेच, पहिल्याच जॉबला, सर्वांत महागडी चूक होते. ती नीट सांगतो.

१८-क्राउन-६ मध्ये बारा कार्बन, चोवीस हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. इलेक्ट्रॉन मोजा: ७२ अधिक २४ अधिक ४८, एकूण १४४. पोटॅशियम आयनाचे १८ मिळवले की १६२. सम संख्या, सगळे जोडीत. म्हणून चार्ज अधिक १ आणि मल्टिप्लिसिटी (सुट्या इलेक्ट्रॉनांची संख्या अधिक एक) १. आता एखादा विद्यार्थी चार्जचा रकाना शून्यच ठेवतो. इलेक्ट्रॉन होतात १६३. मल्टिप्लिसिटी १ ला विषम इलेक्ट्रॉन बसत नाहीत, म्हणून ओर्का एरर देऊन थांबतं. विद्यार्थी काय करतो? एरर मल्टिप्लिसिटीबद्दल आहे म्हणून तिथे २ टाकतो. जॉब सुरू होतो, रात्रभर चालतो, सकाळी सुंदर आउटपुट हजर! फक्त त्या कड्यात बसलेला असतो तो पोटॅशियमचा आयन नसतो, धातूचा उदासीन अणू असतो. अशा आकड्यांवर एक अख्खं प्रकरण लिहून झालेलं मी पाहिलं आहे.

एक्सटीबीत तर एवढाही इशारा मिळत नाही. चार्ज सांगितला नाही तर ते शून्य धरून चालतं.

सावधान: एरर आली की आकडा बदलून ती गप्प करू नका. कागदावर इलेक्ट्रॉन मोजा.

तपासणी: जॉब संपल्यावर पोटॅशियम ते ऑक्सिजन ही सहाही अंतरं बघा. २.८ अँगस्ट्रॉमच्या आसपास हवीत. आयनावरचा अंशप्रभार (त्याच्या वाट्याचा चार्ज) शून्याजवळ दिसला तर चार्जचा रकाना परत उघडा.

## ४. आयनाला काय आवडतं ते स्फटिकांना विचारा

आता रचना. इथे बहुतेक जण भोकाचा व्यास मोजायला बसतात. १८-क्राउन-६ ची पोकळी २.६ ते ३.२ अँगस्ट्रॉम, पोटॅशियमचा व्यास २.७६, बसलं! मग मोठ्या आयनासाठी कडं मोठं करू, असा सरळ हिशेब. तो पूर्ण खोटा नाही, पण त्यावर रेणू घडत नाही.

स्फटिकांच्या संग्रहातून तीन गोष्टी काढा: आयनाभोवती किती दाते अणू (त्याला इलेक्ट्रॉनजोडी देणारे, इथे ऑक्सिजन) बसतात, किती अंतरावर, आणि कुठल्या दिशेने. लिथियमला चार दाते पुरतात आणि अंतर २ च्या जवळ असतं. सोडियमला साधारण सहा, २.४ च्या आसपास. पोटॅशियमला सहा ते आठ, २.७ ते २.९. ईथरच्या ऑक्सिजनच्या बाबतीत दिशाही महत्त्वाची आहे. दोन कार्बन, ऑक्सिजन आणि आयन शक्यतो एका पातळीत आलेले बरे. ऑक्सिजन जागेवर आहे पण तोंड भलतीकडे, असं झालं की बंध ढिला पडतो.

आता भोकवाल्यांना चकवणारी गोष्ट. दोन दात्यांमधला पूल दोन कार्बनांचा असेल तर आयनासकट पाच अणूंचं कडं तयार होतं आणि ते मोठ्या आयनाला मानवतं. पूल तीन कार्बनांचा केला तर सहा अणूंचं कडं होतं आणि ते लहान आयनाच्या सोयीचं असतं. म्हणजे कार्बन वाढवून भोक मोठं केलं तरी निवड लहान आयनाकडे झुकू शकते. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत बसून मी स्वतः एका सुट्टीत तीन कार्बनांचे पूल घातलेली सहा कडी काढली होती, पोटॅशियमसाठी. सगळी वाया. त्या वेळी हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तपासणी: तुमच्या रचनेत ऑक्सिजन-कार्बन-कार्बन-ऑक्सिजन हा मुरडकोन मोजा. दोन्ही ऑक्सिजन एकाच आयनाकडे वळायचे तर तो ६० अंशांच्या आसपास लागतो. १८० दिसला तर एका ऑक्सिजनने पाठ फिरवली आहे.

## ५. तुकडे आणि जोडण्या

हाताने रेणू काढत बसलात तर तुम्हाला आधीपासून माहीत असलेलेच रेणू काढाल. इथे होस्टडिझायनर हा प्रोग्राम कामाला येतो. त्याची रीत उलटी आहे. आयन मधोमध आणि दाते गट त्याच्याभोवती आदर्श जागी, असे तुकडे तुम्ही द्यायचे. तुकड्यांवरचे कोणते हायड्रोजन काढून तिथे जोडता येईल तेही सांगायचं. मग प्रोग्राम हजारो हायड्रोकार्बन जोडण्यांच्या संग्रहातून एकेक उचलून दोन तुकड्यांमध्ये बसतो का ते बघतो आणि किती नीट बसलं त्यानुसार यादी लावतो. दोन वेगळे तुकडे जोडायला लिंकर, आणि एकाच तुकड्यावरच्या दोन जागा जोडायला ओव्हरले, असे त्याचे दोन भाग आहेत.

हे नुसतं चित्र जुळवणं नाही. मॅलोनामाइड हा दोन कार्बोनिलांनी आयन धरणारा रेणू; त्याचे दोन हात आधीच योग्य दिशेला वळवून दोन कड्यांत जखडले, तेव्हा युरोपियम ओढून घ्यायची त्याची क्षमता साध्या, मोकळ्या मॅलोनामाइडच्या तुलनेत कोटीच्या पटीत वाढली. दाते तेच, फक्त आयन येण्याआधीच तयारीत उभे.

क्रम असा ठेवा:

१. चौथ्या टप्प्यातून काढलेल्या अंतर-कोनांनी तुकडा बांधा. तुकडा आधी डीएफटीने सैल सोडून (त्याची रचना आरामशीर होऊ देऊन) घ्या, हाताने वाकवलेला देऊ नका.

२. पहिल्या फेरीत अंतर आणि कोन बांधलेले ठेवा. यादी रिकामी आली तर थोडी सूट द्या. सुरुवातीलाच सगळं मोकळं सोडलं तर हजारो निकाल येतात आणि त्यातला एकही उपयोगी नसतो.

३. वरचे शंभरेक निकाल डोळ्यांनी बघा. होय, एकेक. कुठे दोन हायड्रोजन एकमेकांत घुसलेले असतात, कुठे आयन आत जायला वाटच नसते.

४. शेजारी कागद घेऊन प्रत्येकापुढे लिहा: हा रेणू कुणी बनवू शकेल का? किती पायऱ्यांत? बनवता न येणारा रेणू या टप्प्यावर टाकून द्यायला दहा सेकंद लागतात, तीन महिन्यांनी टाकायला जीव तुटतो.

वीस-पंचवीस उरले पाहिजेत. दोनशे उरले असतील तर तुम्ही नीट बघितलेलं नाही.

## ६. मोकळा रेणू वेगळा शोधा

क्रेस्टने दोन वेगळे शोध लावा. एक आयनासकट, एक आयनाशिवाय. दोन्ही लागतात.

नेहमी होतं काय, तर आयनासकटची रचना मिळते, मग मुलं त्यातला आयन पुसून टाकतात, उरलेल्या रेणूची ऊर्जा काढतात आणि तिलाच मोकळ्या रेणूची ऊर्जा म्हणतात. आयन धरण्यासाठी रेणूला जी कसरत करावी लागते तिचा खर्चच मग हिशेबातून गायब होतो. १८-क्राउन-६ स्वतः एकटा असताना मुकुटासारखा गोल उभा नसतो. स्फटिकात तो लांबट दबलेला असतो आणि दोन मिथिलीन गट आत वळून पोकळी भरून टाकतात. पोटॅशियम आलं की ते बाहेर वळतात आणि सहाही ऑक्सिजन आत तोंड करतात. या वळण्याचा खर्च प्रत्येक उमेदवारासाठी वेगळा काढा: आयनाच्या घडीतल्या रेणूची ऊर्जा वजा त्याच्या सर्वांत आरामशीर घडीची ऊर्जा. हा आकडा मोठा असेल तर रेणू जखडण्याची जागा शोधा. बेंझो कडं लावून जखडता येतं, पण त्या ऑक्सिजनची दात्याची ताकद कमी होते. हे देणंघेणं तक्त्यात दिसलं पाहिजे.

सावधान: शोध लावताना चार्ज आणि माध्यम दोन्ही द्या. हवेत शोधलेला मोकळा रेणू स्वतःभोवती गुंडाळून बसतो.

तपासणी: वेगळ्या सुरुवातीच्या रचनेवरून शोध परत लावा. तळाची रचना तीच आली तर पुढे चला.

## ७. डीएफटी: कमी, पण नीट

क्रेस्टच्या यादीतले तळाचे पाच-सहा कन्फॉर्मर पुढे घ्या. आर-टू-स्कॅन-३सी या झटपट डीएफटी पद्धतीने रचना सैल करा, मग ओमेगा-बी९७एक्स घराण्यातल्या फंक्शनलने आणि ट्रिपल-झीटा बेसिसने ऊर्जा काढा. बी३एलवायपी वापरायचंच असेल तर डिस्पर्शनची (अणूंमधल्या क्षीण आकर्षणाची) दुरुस्ती लावल्याशिवाय नको. त्यातही अल्कली आयनांसाठी डी३ पेक्षा डी४ बरं. डी४ अणूवरचा चार्ज बघतं, डी३ ला पोटॅशियम आयन आणि पोटॅशियम अणू यांतला फरक कळत नाही आणि आकर्षण फुगतं.

ऋण आयन धरणारा रेणू असेल, फ्लोराइडचा किंवा कांद्याच्या पट्ट्यातल्या विहिरींसाठी नायट्रेटचा, तर बेसिसमध्ये पसरट फलनं हवीतच. ती नसतील तर मोकळ्या ऋण आयनाची ऊर्जा चुकते आणि तुमचा रेणू उगाच चांगला दिसतो. लहान बेसिस वापरलात तर काउंटरपॉइझ दुरुस्ती (त्यामुळे फुगलेली पकड कमी करणारी) करा. ट्रिपल-झीटाला ती लहान होते.

रेणूच्या कंपनांच्या फ्रिक्वेन्सी काढा. काल्पनिक (आउटपुटमध्ये उणे दिसणारी) एकही नको. कडं मोठं असलं की उणे दहा-वीसची एखादी काल्पनिक फ्रिक्वेन्सी चिवटपणे राहते. ग्रिड बारीक करून, अटी कडक करून परत सैल करा. 'एवढी चालते' म्हणून सोडू नका, कारण एंट्रॉपीचा मोठा वाटा नेमका या लहान फ्रिक्वेन्सींतून येतो.

## ८. पाण्याचा हिशेब

आता सुरुवातीच्या त्या उलट्या उत्तराकडे येऊ.

हवेत, म्हणजे वायुरूपात, १८-क्राउन-६ ची सोडियमशी बंधऊर्जा सुमारे ३०० आणि पोटॅशियमशी सुमारे २३५ किलोज्यूल प्रति मोल आहे. ही प्रयोगात मोजलेली आहे, संगणकाची नाही. लहान आयन, चार्ज दाट, म्हणून पकड घट्ट. मुलांचं उत्तर या अर्थाने बरोबरच असतं.

पण पाण्यातला सोडियम मोकळा बसलेला नाही. पाण्याने त्याला धरून ठेवलंय, आणि तुमच्या रेणूला त्याला पाण्याच्या हातून ओढून काढायचं आहे. जलयोजनाची मुक्त ऊर्जा सोडियमसाठी सुमारे उणे ३६५, पोटॅशियमसाठी सुमारे उणे २९५. म्हणजे सोडियम पाण्यातून उपटायला ७० किलोज्यूल जास्त मोजावे लागतात. रेणू त्याला ६५ जास्त देतो, पाणी ७० जास्त मागतं. पाच किलोज्यूलने पोटॅशियम जिंकतं. प्रयोगातला आकडा ७.

इतकं जुळलं म्हणून पेढे वाटू नका. त्या बंधऊर्जांमध्ये प्रत्येकी पंधरा-वीस किलोज्यूलची अनिश्चितता आहे, त्या एन्थाल्पी आहेत, आणि दोन्ही संकुलांची (आयन धरलेल्या रेणूंची) स्वतःची जलयोजन ऊर्जा मी समान धरली. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून लहान आकडा निघतो तेव्हा काय होतं, ते बघायला हे उदाहरण आहे.

म्हणून गणित असं मांडा: 'रेणू अधिक आयन' असं नको, अदलाबदल मांडा. सोडियम धरलेला रेणू अधिक पाण्यातलं पोटॅशियम, बाणाच्या पलीकडे पोटॅशियम धरलेला रेणू अधिक पाण्यातलं सोडियम. याचे तीन फायदे. दोन्ही बाजूंना तोच रेणू असल्याने पद्धतीच्या पुष्कळ चुका एकमेकींना खातात. कणांची संख्या दोन्ही बाजूंना सारखी असल्याने १ वातावरणावरून १ मोलरवर येण्याची ७.९ किलोज्यूलची दुरुस्ती आपोआप कटते. नुसती बंधऊर्जा काढत असाल तर मात्र ती लावावीच लागते, आणि ती विसरणारे पुष्कळ. तिसरा फायदा म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर थेट मिळतं.

मोकळ्या आयनासाठी एसएमडीसारखं सलग माध्यमाचं मॉडेल (पाण्याचे सुटे रेणू न घेता त्याला अखंड पदार्थ धरणारं) एकटं वापरू नका. उघड्या आयनावर ते डगमगतं. जलयोजनाचे प्रयोगातले आकडे घ्या, पण सगळे एकाच तक्त्यातून. वेगवेगळ्या तक्त्यांमध्ये प्रोटॉनचा मूळ आकडाच पन्नासेक किलोज्यूलने वेगळा असतो. अर्धे आकडे एका तक्त्यातले आणि अर्धे दुसऱ्यातले घेतलेत तर हाच फरक चुपचाप तुमच्या उत्तरात शिरतो. धन आयनांच्या आपसातल्या अदलाबदलीत तो कटतो, अट एवढीच की चार्ज सारखा हवा. पोटॅशियमविरुद्ध कॅल्शियम काढताना कटत नाही.

दुसरा मार्ग, खऱ्या पाण्याचे रेणू आयनाभोवती बसवून त्यांच्याबाहेर सलग माध्यम. त्यात पाण्याचा गुच्छ गुच्छ म्हणूनच मोजा, सुटे सहा रेणू म्हणून नको. आणि संकुलालाही पाणी द्या: १८-क्राउन-६ मधल्या पोटॅशियमच्या वर आणि खाली जागा उघडी असते, तिथे पाणी येऊन बसतं.

रेणू पडद्यात राहणार असेल तर संकुलाचं माध्यम प्लॅस्टिसायझरचं, आयनाचं पाण्याचं. दोन्हीकडे पाणी लावलेला तक्ता मी परत पाठवतो.

तपासणी: हीच रीत १८-क्राउन-६ ला लावून ७ च्या किती जवळ आलात ते लिहा. तो फरक हीच तुमची चूक, आणि पुढच्या प्रत्येक रेणूच्या आकड्यापुढे ती छापा.

## ९. रेणूगतिकी कधी

शेवटच्या दोन-तीन उमेदवारांसाठीच. पोटॅशियमचं हळूहळू सोडियम करायचं, एकदा रेणूच्या आत आणि एकदा नुसत्या पाण्यात, आणि दोन्हींतला फरक घ्यायचा. पंधरा-वीस खिडक्या (मधल्या पायऱ्या) पुरतात. आयनाचे पॅरामीटर ज्या पाण्याच्या मॉडेलसाठी बनवलेले आहेत तेच पाणी वापरा. एकाचे आयन आणि दुसऱ्याचं पाणी ही इथली सर्वांत सर्रास चूक. रूपांतर उलट दिशेनेही करा. जाताना आणि येताना आकडा वेगळा आला तर वेळ कमी पडला आहे. कॅल्शियम-मॅग्नेशियमसाठी साध्या पॅरामीटरवर विश्वास ठेवू नका.

## १०. टेबलावर पाठवण्याआधी

पहिलं, आम्ल. रेणूत अमाइन असेल तर त्याच्यासाठी प्रोटॉनही एक गिऱ्हाईक आहे. २.२.२ क्रिप्टँडमधल्या नायट्रोजनचा पीकेए (ज्या पीएचच्या खाली प्रोटॉन चिकटून राहतो तो आकडा) साडेनऊच्या वर आहे, म्हणजे उदासीन पाण्यात प्रोटॉन आधीच जागा धरून बसलेला असतो. द्राक्षाच्या देठाचा रस तर आंबट. अझा-क्राउन (काही ऑक्सिजनांऐवजी नायट्रोजन असलेलं कडं) सुचवणाऱ्याने हा हिशेब सोबत जोडावा.

दुसरं, रेणू पडद्यातून पाण्यात धुपून जाऊ नये. लांब अल्किल शेपटी लावा, पण ती लावल्यावर सहावा टप्पा परत करा. शेपटी कधी कधी वळून पोकळीच्या तोंडावर बसते.

तिसरं अमोनियम. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने सुरेख कडं घडवलं होतं. पोटॅशियम-सोडियम फरक १४ किलोज्यूल, पद्धतीची चूक ३, वळण्याचा खर्च कमी, चार पायऱ्यांत बनेल असा रेणू. तक्त्यात अमोनियमची रांग नव्हती. मी म्हटलं, लाव. तो म्हणाला, सर, तो गोल आयन नाही, त्याला वेगळं वागवावं लागेल. बरोबर होतं त्याचं: अमोनियम चौफलकी आहे, हायड्रोजन बंधांनी धरतो, कुठला हायड्रोजन कुठल्या ऑक्सिजनकडे यासाठी चार-पाच वेगळ्या मांडण्या तपासाव्या लागतात. दोन रात्री जॉब चालले. पोटॅशियम आणि अमोनियममधला फरक आला २ किलोज्यूल, म्हणजे पद्धतीच्या चुकीच्या आतच. खत टाकल्यावर आठवड्याभरात या इलेक्ट्रोडने देठात काय मोजलं असतं ते सांगता आलं नसतं.

त्याने कडं टाकलं नाही. सहाच्या सहा ईथर ऑक्सिजन एका पातळीत होते, त्यातले दोन काढून कार्बोनिल लावले आणि वरखाली आणले, म्हणजे पोटॅशियमला सगळीकडून दाते मिळतील आणि चौफलकी अमोनियमच्या हायड्रोजनांना सोयीच्या जागी कमी. मग सहाव्या टप्प्यापासून परत. आता त्याच्या तक्त्यात सात रांगा आहेत: पोटॅशियम, सोडियम, अमोनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, प्रोटॉन आणि सर्वांत वर मोजपट्टीचं १८-क्राउन-६. रेणू बनवणाऱ्याकडे हाच तक्ता, प्रत्येक रचनेची फाइल आणि प्रत्येक आकड्यापुढची चूक, एवढं एकत्र पाठवा.